गाडीला जागा आहे, ड्रायव्हरलाही द्या

माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



11 जुलै 2025 रोजी युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावरचे. त्यासाठी खपलेल्या सगळ्यांचे, आपल्या सरकारचेही, मनापासून अभिनंदन. आता हे किल्ले बघायला पूर्वीपेक्षा जास्त माणसे येतील आणि ती यावीत. पण त्यांना तिथवर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला रात्री पाठ टेकायला जागा नसते. हे पत्र तेवढ्या एका गोष्टीसाठी लिहिते आहे.

किनाऱ्याला पोचायचे तर शेवटी मोटार लागतेच. कोकण रेल्वे समुद्रापासून बरीच आतून जाते. खेड, रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळला उतरले तरी हर्णै, विजयदुर्ग, मालवण रस्त्यानेच गाठावे लागते. घरात गुडघे दुखणारी आई असते, औषधांची पिशवी सांभाळणारे वडील असतात, दर तासाला भूक लागणारी मुले असतात. मग ड्रायव्हरसकट सात जणांची मोठी गाडी ठरते आणि समुद्रासमोरच्या चांगल्या रिसॉर्टमध्ये खोल्या घेतल्या जातात. डिसेंबरात अमेरिकेहून किंवा दुबईहून येणारी मराठी कुटुंबे तर बहुधा अशीच फिरतात, कारण इथल्या रस्त्यांवर स्वतः गाडी चालवायचा सराव त्यांना राहिलेला नसतो. या आरामाविषयी माझी काहीही तक्रार नाही. ज्या आई-वडिलांनी जन्मभर एसटीच्या बाकावर बसून प्रवास केला, त्यांना उतारवयात सुखाने कोकण दाखवावे, यासारखे चांगले काम नाही. आमच्याही घरची सहल अशीच असते, आणि म्हणूनच हे सगळे जवळून पाहिलेले आहे.

काचेतून सुंदर दिसणारा हा रस्ता स्टीअरिंगमागे बसलेल्याचा घाम काढतो. पुण्याहून निघून ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाववरून मुरूडला जायचे. किनारा धरून दक्षिणेला जायचे म्हटले की आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा गाड्या वाहून नेणाऱ्या जंगलजेटी लागतात. लांबचा वळसा टाळायचा तर प्रत्येक ठिकाणी रांगेत थांबायचे, ओहोटी-भरतीचा अंदाज घ्यायचा आणि ओल्या उतारावरून इंचाइंचाने गाडी बोटीवर चढवायची. आम्ही तेवढ्यात खाली उतरून कठड्याशी उभे राहतो, मुलांना सीगल दाखवतो. पलीकडे केळशी, आंजर्ले, हर्णै. गावातून जाणारा रस्ता दोन गडग्यांच्या मधून एकच गाडी जाईल एवढा असतो आणि समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने वळणापर्यंत मागे यायचे असते. ते मागे येणे बहुतेक वेळा आपल्याच ड्रायव्हरच्या वाट्याला येते. पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा. सतत चढ आणि उतार, सतत वळणे, आणि मागच्या सीटवर कुणाला मळमळू नये म्हणून प्रत्येक वळणावर ब्रेक अलगद दाबायचा. गाडी चालवणाऱ्याच्या कौशल्याची अशी परीक्षा घेणारे रस्ते आपल्या राज्यात फार नाहीत.

या रस्त्याने जे बघायला मिळते त्याला तोड नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याकडे जाताना होडी तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. समोर कासा बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. या टापूत लाय पाटलांची गोष्ट अजून सांगितली जाते. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायचे अचाट काम या कोळी वीराने जिवावर उदार होऊन केले. मोहीम तडीस गेली नाही, पण महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. आम्ही दर्यात फिरणारी माणसे, पालखी घेऊन काय करू, असे लाय पाटील म्हणाले. तेव्हा महाराजांनी त्यांना गलबत बांधून देववले आणि त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले, असे सांगतात. ज्याचा गौरव करायचा त्याला नेमके काय हवे आहे ते विचारावे, ही रीत या किनाऱ्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वी होती. आज सहल संपली की आम्ही ड्रायव्हरच्या हातात बक्षीस ठेवतो आणि तो ते आनंदाने घेतो. त्याला काय हवे ते विचारले तर तो सांगेल की रात्री सहा-सात तास आडवे होता आले पाहिजे आणि सकाळी आंघोळीला पाणी मिळाले पाहिजे.

सिंधुदुर्गाचेही तसेच. 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी झाली. पायात शिसे ओतून चिरे बसवले. सुमारे 48 एकरांचा हा किल्ला भर समुद्रात उभा आहे आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात उभे राहिले की बोलावेसे वाटत नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडीने जायचे, तासाभरात फिरून परत यायचे. या वेळात आमचा ड्रायव्हर कुठे असतो? गाडीपाशी. सामान गाडीत असते, गाडी दुसऱ्याच्या वाटेत आली तर हलवावी लागते, आणि ‘पार्टी’ कधी परत येईल याचा नेम नसतो. आमच्या ड्रायव्हरना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, मालवणला किती वेळा आलो त्याची गणतीच नाही. आत मात्र एकदाही गेलो नाही.” महाराष्ट्रात जन्मलेला, शिवजयंतीला गावच्या मिरवणुकीत पुढे असणारा माणूस सिंधुदुर्गाच्या काठावर शंभरदा येतो आणि आतले शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे न बघता परत जातो. हे मला अतिशय लागले.

आता रात्रीचे सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही उतरलो होतो. एका रात्रीचे भाडे पाच आकडी. फाटकातच रखवालदाराने गाडी कुठे लावायची ते नीट दाखवले. छपराखाली, पट्टे आखून ठेवलेली जागा होती. आम्हाला शहाळ्याचे पाणी आले. ड्रायव्हरच्या सोयीचे विचारले तेव्हा व्यवस्थापक अगदी नम्रपणे म्हणाले, “मॅडम, ड्रायव्हर रूम आपल्याकडे नाहीये. सगळे गाडीतच झोपतात.” आणि सकाळचे विधी? “एसटी स्टँडवर होते त्यांची सोय.” त्या तरुण व्यवस्थापकाला मी दोष देत नाही. त्याला कुणी तसा नियमच सांगितलेला नव्हता.

आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे, सातारा जिल्ह्यातले. आम्ही बोलतोय ते ऐकून पुढे आले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही कशाला त्रास करून घेता? आम्हाला सवय असते.” आई तिथेच खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, “सवय कसली हो? उद्या पुन्हा घाट चढायचाय ना तुम्हाला? आमची नातवंडं आहेत गाडीत.” मग गावात चौकशी केली. वाडीतल्या एका घरगुती निवासाच्या खोल्या भरलेल्या होत्या, पण तिथल्या काकूंनी ओटीवर गादी घालून दिली, मच्छरदाणी बांधली, कुळथाचे पिठले आणि भात वाढला. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, फार आग्रह केल्यावर घेतले. कोकणातल्या साध्या घरात आलेल्याला ओटी मिळते, पडवी मिळते, आणि गाडीवानाला जेवू घातल्याशिवाय पाहुण्याचे ताट मांडत नसत असे आमच्या आजोळी जुनी माणसे सांगत. पूर्वी गावात मुक्कामी एसटी यायची तेव्हा चालक-वाहकाच्या भाकरीची काळजी गाव करायचे. त्याच किनाऱ्यावर आता तरणतलाव आणि स्पा असलेल्या जागांमध्ये एका माणसाला अंथरूण मिळत नाही.

गाडीत झोपणे म्हणजे काय, ते कोकणातल्या हवेत समजून घ्यायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत रात्रीही अंगाला चिकटणारा दमटपणा असतो. काचा लावल्या तर जीव घुसमटतो, खाली केल्या तर डास. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपावे तर बंद जागेत धुराचा विषारी वायू साचून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, शिवाय डिझेलचा हिशोब मालक विचारतो. सीट मागे पाडून गुडघे मुडपून पडायचे. कंबर आणि मान सकाळपर्यंत आखडते. पाचला उठून, पार्टी जागी व्हायच्या आत गाडी पुसायची, बाहेर कुठे तरी तोंड धुवायचे आणि आठ वाजता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दरवाजा उघडून उभे राहायचे. त्या शर्टाकडे बघून आम्हाला वाटते, सगळे ठीक आहे.

याला नुसती दयेची बाब समजू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे. ही सुरक्षिततेची बाब आहे. डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्याने मद्यार्काची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के ठेवली आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री नाक्यानाक्यावर तोंडात नळी धरून तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. पण पहाटे पाचला उठलेला, आदली रात्र सीटवर काढलेला आणि रात्री दहाला पार्टीला जेवायला घेऊन निघालेला ड्रायव्हर कुठल्याही नाक्यावर अडवला जात नाही. आंबा घाट किंवा फोंडा घाट चढताना त्याच्या डोळ्यावर येणारी झापड मोजायला यंत्र नाही. त्यावर एकच उपाय आहे, त्याला झोपू देणे.

हे कळायला आपल्या संसदेला फार वेळ लागला नव्हता. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, दोन पाळ्यांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती, आणि रात्री जिथे थांबावे लागते तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, हे सगळे लिहिले होते. पण तो कायदा केला पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांसाठी. पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या कितीतरी गाड्या एकट्या मालकाच्या असतात, तोच त्या चालवतो किंवा एखादा ड्रायव्हर ठेवतो. असा मालक विजयदुर्गला खोली कुठून बांधणार? आणि हॉटेल म्हणते, हा आमचा नोकर नाही. पार्टी म्हणते, आम्ही नाइट हॉल्टचे पैसे दिले. तिन्ही बाजूंनी जबाबदारी संपते आणि तो माणूस पार्किंगमध्ये उरतो.

त्या नाइट हॉल्टच्या पैशांबद्दलही सांगायला हवे, कारण हॉटेलचालक हाच मुद्दा पुढे करतात. भत्ता मिळतो हे खरे. पण समुद्रकाठच्या गावात हंगामात त्या पैशांत खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी ड्रायव्हर ती घेत नाही. तो ते पैसे घरी नेतो, मुलीच्या फीला लावतो. मी त्याच्या जागी असते तर तेच केले असते. म्हणून भत्ता वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. बिछाना तिथेच, फुकट आणि हक्काचा असला पाहिजे. रेल्वे आपल्या इंजिनचालकांना पैसे देऊन ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणत नाही, त्यांच्यासाठी रनिंग रूम बांधते. एसटीच्या आगारांतही चालक-वाहकांसाठी विश्रांतिगृहे असतात, त्यांची अवस्था सुधारायला हवी हा वेगळा विषय.

यावर एका राज्याने उत्तर शोधले आहे आणि त्या राज्याचे आपल्याशी जुने नाते आहे. युनेस्कोच्या यादीतला बारावा किल्ला जिंजी, तो तमिळनाडूत आहे. स्वराज्यावर संकट आले तेव्हा राजाराम महाराजांना त्या जिंजीने आसरा दिला होता. त्याच तमिळनाडूने 2023 मध्ये आपल्या इमारत नियमावलीत दुरुस्ती केली. तिथे हॉटेल किंवा लॉज बांधताना जितक्या गाड्यांची जागा ठेवायची, तितके बिछाने ड्रायव्हरसाठी ठेवायचे. आवारात किंवा फार तर 250 मीटरच्या आत. सोबत स्वच्छतागृह आणि आंघोळीची सोय. गाडीमागे एक बिछाना हे सूत्र मला फार आवडले. मोजायला सोपे, तपासायला सोपे आणि पळवाट काढायला अवघड.

महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर बहुतेक राज्य तिच्याखाली येते. तिच्यात हॉटेलांनी किती गाड्यांची जागा सोडायची याचे कोष्टक आहे. त्या कोष्टकाखाली ड्रायव्हरच्या बिछान्याचे एक कलम यावे. ती नियमावली नगरविकास खात्याची आहे हे मला ठाऊक आहे. पण हा विषय त्या खात्याकडे पर्यटनमंत्र्यांनीच न्यायला हवा, कारण या माणसाच्या जिवावर आपले पर्यटन चालते.

नव्या इमारतींना नियम लावले तरी जुनी हॉटेले उरतात. त्यांच्यासाठी आपल्या हातात दुसरे साधन आहे. राज्याने आदरातिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देऊन वीज आणि करांत सवलतीची वाट मोकळी केली. 2024 च्या पर्यटन धोरणात नव्या गुंतवणुकीला भरघोस प्रोत्साहने आहेत. सार्वजनिक पैशातून सवलत घेणाऱ्याने ड्रायव्हरसाठी पंखा असलेली खोली, मच्छरदाणी, शौचालय आणि नळाचे पाणी द्यावे, ही अट कुणालाही जड होणार नाही. हॉटेलचालक जागेची अडचण सांगतील. ज्या गावात जागा खरोखर नाही तिथे चार-पाच हॉटेलांनी मिळून एक घर भाड्याने घ्यावे, तमिळनाडूसारखी 250 मीटरची मुभा त्यासाठीच हवी. अनोळखी माणसे आवारात नकोत, असेही काही जण म्हणतील. ज्या माणसाच्या हाती पाहुण्याने आपले सगळे कुटुंब दिवसभर सोपवले आहे, तो रात्री अनोळखी कसा होतो? आणि ही व्यवस्था आखताना स्त्रियांचाही विचार व्हावा. टॅक्सी चालवणाऱ्या बायका आता दिसू लागल्या आहेत, लांबच्या फेऱ्या त्यांनी घ्याव्यात असे वाटत असेल तर त्यांच्यासाठी कडी लागणारी वेगळी खोली हवी.

किल्ल्यांच्या पायथ्याशीही काम आहे. राजपुरी, हर्णै, विजयदुर्ग, मालवण इथे वाहनतळावर रखवालदार असावा, सावली असावी, स्वच्छ शौचालय असावे. गाडी राखायला माणूस असला की ड्रायव्हर कुलूप लावून आमच्याबरोबर होडीत बसू शकतो. जागतिक वारशाच्या निमित्ताने या जागांवर खर्च होणारच आहे. त्या आराखड्यात एवढ्या ओळी आपण घालून घ्याव्यात.

1997 मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ड्रायव्हरची काळजी घेणारा पहिला जिल्हाही तोच व्हावा, अशी माझी इच्छा आहे. नियमावलीतल्या बदलाला हरकती-सूचनांचा वेळ लागेल, तो लागू दे. पण गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, कुणकेश्वर आणि तारकर्ली इथली पर्यटन महामंडळाची निवासे आपल्याच खात्याकडे आहेत. जिथे ड्रायव्हरची सोय आहे तिथे ती आरक्षणाच्या पानावर आणि स्वागतकक्षातल्या फलकावर ठळक लिहा. जिथे नाही तिथे येत्या नाताळच्या गर्दीआधी एक खोली रिकामी करून द्या. त्यासाठी कुठलाही कायदा बदलावा लागत नाही, आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपली,
पुण्याची एक प्रवासी